दगडातून आलेली घंटी

“किती झाले?”

“अकरा कोड्या अन् सात.”

“मंग तोंड बंद ठेव. बोलता बोलता मोजणं चुकते.”

“बोलले तुमीच ना मिस्त्री, मी कुठं बोललो?” मी म्हणालो आणि पुन्हा चाक फिरवायला लागलो.

ते बैलगाडीचं चाक होतं. लोखंडी धाव काढून टाकलेली, नुसता आरे-घेराचा लाकडी सांगाडा उरलेला. येरगुडे मिस्त्रीनं तो आपल्या क्वार्टरच्या परसात दोन खुंटांमध्ये आडव्या कांबीवर बसवला होता. मी चाक फिरवायचो, तो तार सोडायचा. तार जळालेल्या पंपाच्या मोटारीतून उकलून काढलेली. तिचा लेप जिथं जिथं उडाला होता तिथं मिस्त्री काडीनं वितळलेली लाख लावायचा. ही लाख माझ्या आईनं आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या, बांधावरच्या, पळसांवरून काढलेली होती. परसभर तिचा गोडसर वास सुटायचा आणि पार्वतावहिनी घरातून ओरडायच्या, “लोकं इतवारी बायकोले बाजारात नेतात. आमच्याकडे मोटार शिजते!”

“शिजली की तुले बी वाढतो,” मिस्त्री म्हणायचा.

मी लटारी कुळमेथे. पिंपळझरीच्या कोळसा खाणीत हॉलेजचा खलाशी होतो. खाणीत उतरायचा तिरपा बोगदा होता, त्याला आम्ही इन्क्लाइन म्हणायचो. कोळशाचे टब दोरानं त्यातून वर ओढायचे, रिकामे खाली सोडायचे, हे माझं काम. खालून घंटी वाजायची, तिचे ठोके मोजून मी यंत्राचा दांडा हलवायचो. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे सोड. तीन म्हणजे ओढ. चार म्हणजे टबात माणसं बसली आहेत, हळू ओढ. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. अक्षरं पुढे सत्तावन्नाव्या वर्षी शिकलो. पण ठोके मोजण्यात माझी बारा वर्षांत एक चूक नव्हती. खलाशाला दुसरं काही आलं नाही तरी चालतं. एक आला की हात थांबलाच पाहिजे, मग वरून साहेब ओरडो की देव.

मिस्त्री खाणीचा बिजलीवाला. माझ्याहून सात वर्षांनी मोठा, चौथी शिकलेला, पण तारेच्या बाबतीत त्याला इंजिनियरही विचारून जायचे. चार वर्षांपूर्वी छत कोसळलं तेव्हा घंटीची तार तुटली होती आणि ढिगाऱ्यापलीकडे तीन माणसं अडकली होती. आम्ही समजलो की मेली. ढिगारा उपसला तेव्हा पलीकडच्या भिंतीवर खडूच्या रेघा सापडल्या. एका पाळीला एक, अशा पाच. पाच पाळ्या ती माणसं जिवंत होती आणि आम्ही वर विड्या ओढत बसलो होतो.

“तार तुटली की खालचा माणूस मुका,” मिस्त्री तेव्हापासून म्हणायचा. “बिनतारेचं पायजे.”

“रेडिओ?”

“रेडिओ दगडात मरते. त्याचा सूर बारीक असते. आता पाय, लग्नातली सनई शिवेपाशी मरते, पण ढोल दोन कोस ऐकू येते का नाई? तसंच हे. जितका जाडा सूर, तितका दगडात आत शिरते. एकदम जाडा सूर काढायचा. त्याले चक्री मोठी लागते, बस.”

एवढ्यावर त्यानं दोन वर्षं काढली. कामठीच्या भंगार बाजारातून पलटणीतले जुने कानाचे हेडफोन आणले. टोपीच्या दिव्याच्या टाकाऊ बॅटऱ्या जमवल्या. तो काळ असा की नुसता गाणी ऐकायचा रेडिओ घरात ठेवायचा तरी पोस्टातून परवान्याचं पुस्तक घ्यावं लागायचं. आवाज पाठवायच्या यंत्राची तर गोष्टच वेगळी. मिस्त्रीनं एकदा चौकशी केली, तर कारकुनानं त्याला विचारलं, “कोणाशी बोलायचं आहे तुम्हाला? चीनशी?” आणि खाणीत तर पास न झालेला साधा टॉर्चही नेता येत नसे, ठिणगीच्या भीतीनं. म्हणजे वर पकडला तर तुरुंग, खाली पकडला तर नोकरी.

त्या दिवशी छत्तीस कोड्या, विसाची एक कोडी म्हणजे सातशे वीस फेरे, पूर्ण झाल्या. अशा दोन चक्र्या आम्ही केल्या. एक माझ्या चुलतभावाच्या शेतात, पळसांच्या दाटीत, पाचोळ्याखाली लपवली. त्या जागेच्या बरोबर खाली, दोनशे फुटांवर, खाणीचा पाच नंबर सेक्शन होता. दुसरी चक्री मिस्त्रीनं तुकडे करून डब्यातून, पिशवीतून खाली नेली आणि पाच नंबरातल्या एका सोडून दिलेल्या गल्लीत लाकडी टेकूंवर उभी केली. तिच्यासोबत पाठवायचं यंत्र, एका जाड पत्र्याच्या डब्यात बंद, वर एक बटण. बटण दाबलं की सूर. खालून वर बोलता यायचं, वरून खाली नाही. तेवढंच जमलं होतं.

पहिल्यांदा ऐकलं तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. मी पळसाखाली हेडफोन लावून बसलो होतो. आधी नुसती खरखर, मग दूर कुठं वीज चमकल्याची कडकड, आणि त्यात एकदम, जाड, मधमाशीसारखं: हूँ. हूँ. हूँ. तीन. ओढ. माझा हात आपोआप दांड्याकडे गेला आणि तिथं दांडा नव्हता.

मिस्त्री वर आला तेव्हा मी त्याला तीन बोटं दाखवली. तो तिथंच, सगळ्यांदेखत, इन्क्लाइनच्या तोंडाशी मटकन बसला. पाळीवर देखरेख करणारा ओव्हरमन दुर्गे म्हणाला, “काय झालं बे, भोवळ आली?”

“हो,” मिस्त्री म्हणाला. त्याच्या काळ्या गालांवरून दोन पांढरे ओघळ खाली आले होते.

हे सगळं सांगितलं, कारण यापुढचं त्याशिवाय कळणार नाही.

चैत्रात पाच नंबरातून वास यायला लागला. आधी ओल्या घोंगडीसारखा, मग रॉकेलसारखा. कोळसा आतल्या आत तापला की असा वास येतो. ज्वाळा दिसत नाही, पण आग असते. त्याला इलाज एकच. सेक्शनच्या सगळ्या वाटा विटांच्या भिंती बांधून बंद करायच्या. हवा तुटली की आग मरते. एका सोमवारी सकाळी दहाला भोंगा वाजला. सगळी माणसं बाहेर काढायची, माणूस मोजायचा आणि भिंती घालायच्या, असा हुकूम.

माणूस मोजायची आमच्याकडे एकच रीत होती, पितळी बिल्ले. खाणीत उतरताना आपल्या नंबरचा बिल्ला फळ्यावरून काढायचा, वर आलं की पुन्हा टांगायचा. फळा भरला म्हणजे खाली कोणी नाही. पण मिस्त्री दिवसातून दहादा खाली-वर करायचा. दर वेळी टोपीचे दिवे आणि बिल्ले सांभाळणाऱ्या दिवाखोलीच्या रांगेत कोण उभा राहील? म्हणून तो सकाळी बिल्ला काढून माझ्या हॉलेजघरात खिळ्याला अडकवायचा आणि संध्याकाळी घरी जाताना मी तो फळ्यावर टांगायचो. जोडीदाराचा बिल्ला टांगणं ही काही चोरी नव्हती. सगळेच करायचे.

त्या दिवशी सगळे बिल्ले आले. एक खिळा रिकामा राहिला. दोनशे चौदा.

“येरगुडे कुठाय?” दिवाखोलीचे गेडामबाबू ओरडले.

मी मिस्त्रीला नऊ वाजता माझ्या डोळ्यांनी वर आलेलं पाहिलं होतं. हातात पिशवी, घराच्या रस्त्याला. मनात आलं, आता शोधाशोध सुरू झाली, तर “हा माणूस पाच नंबरात सारखा काय करत होता” हेही निघेल. मी म्हणालो, “तो कवाचाच वर आला बाबू. बिल्ला माझ्याकडे राहिला,” आणि टांगून दिला.

“फळा भरला!” गेडामबाबूंनी हाळी दिली. गवंडी विटा घेऊन खाली गेले.

वासाची खबर गेल्यामुळे दुसऱ्या दिवशी नागपूरहून तपासणीचे साहेब येणार होते, हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. आग लागली म्हणजे ते वरची जमीनही पाहणार, कुठं भेग पडली, कुठून धूर निघतो. पळसाखालची चक्री त्याआधी काढायला हवी होती. बाराच्या सुमाराला मी तिकडे गेलो. पाचोळा बाजूला केला, जोडण्या सोडायला हात घातला. मग काय वाटलं कोणास ठाऊक, एवढं राबून केलेलं यंत्र, शेवटचं म्हणून हेडफोन कानाला लावला.

हूँ हूँ हूँ हूँ.

थोडा वेळ काही नाही.

हूँ हूँ हूँ हूँ.

चार. माणसं बसली आहेत. हळू ओढ.

मी हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. ते बटण जगात एका माणसाला माहीत होतं. तो खाली होता. खालची चक्री साहेबांच्या हाती लागू नये म्हणून तो भोंग्याआधीच पायवाटेच्या दुसऱ्या इन्क्लाइननं पुन्हा उतरला होता, आणि त्याचा बिल्ला मी माझ्या हातानं फळ्यावर टांगला होता.

मी धावलो. अर्धा मैल. दुर्गे ओव्हरमन इन्क्लाइनच्या तोंडाशी उभा होता.

“भिंत थांबवा! मिस्त्री आत हाय!”

“झाली भिंत,” दुर्गे म्हणाला. “अन् डोकं फिरलं का तुहं? फळा भरला हाय.”

“फळा मी भरला.”

मी सगळं ओकून टाकलं. चक्री, डबा, पळस, बटण. लपवण्यासारखं काही ठेवलं नाही. दुर्गेनं माझ्या थोबाडीत मारली. मग माझं मनगट धरलं आणि म्हणाला, “दाखव.”

पळसाखाली त्यानं हेडफोन लावला. तो पन्नाशीचा, पंचवीस वर्षं खाणीत काढलेला माणूस. त्याचं तोंड हळूहळू उघडलं.

“अबे, हे तं आपली घंटीच हाय!”

“चार ना?”

“चार.” त्यानं हेडफोन काढला आणि अंगाला चिकटलेलं काहीतरी झटकावं तसे हात झटकले. “आइक, लटारी. बंद केलेल्या आगीवर ताजी हवा गेली का भडका उडते. भिंत फोडली तं फोडणाऱ्यासकट सगळे जातीन. तरी मी चार माणसं घेऊन जातो. पण अंधारात हात नाई घालणार. तू इथं बस अन् ऐक. जोवर चार येते, तोवर आमी फोडू. बंद झालं तं आमी वापस. मेलेल्यासाठी जिता नाई देणार.”

“अन् एक आला तं?”

“तं थांबू. आगीचं आतल्याले जास्त समजते.”

त्यानं माणसं उभी केली. पळसापासून इन्क्लाइनच्या तोंडापर्यंत, एकमेकांना दिसतील अशा अंतरावर तेरा जण. मी जितकी घंटी ऐकली तितकी बोटं वर करायची. पहिल्यानं पाहायची, ओरडायचं, बोटं दाखवायची, मग दुसऱ्यानं. तोंडाशी पोचलं की तिथला माणूस तितके ठोके खाली भिंतीपाशी वाजवणार. तिथं दुर्गे. माझ्या कानापासून त्याच्या हातापर्यंत अशी माणसांची तार जोडली.

भोंगा ऐकून बायका जमल्या होत्या. त्यातून पार्वतावहिनी धावत आल्या. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. पदर खांद्यावरून घसरलेला, हाताला कणीक तशीच.

“कुठं हाय? काय म्हणते?”

“बोलता येत नाई वहिनी. घंटी देते.”

“मले ऐकू दे.”

मी हेडफोन डोक्यावरून काढला. एक वाटी माझ्या कानाला, एक त्यांच्या. आम्ही दोघं डोक्याला डोकं लावून पाचोळ्यात बसलो. त्यांच्या केसांना पिठाचा वास येत होता.

हूँ हूँ हूँ हूँ.

“हे तेच?” त्यांचा आवाज फुटला. “हा आवाज त्याचा हाय?”

“त्याचाच.”

मी चार बोटं वर केली. “चार!” पहिला ओरडला. “चार!” पुढचा. आवाज शेतांवरून लहान होत गेला.

पाच-पाच मिनिटांनी चार येत होते. मी बोटं वर करत होतो. ऊन डोक्यावर. पाऊण तास झाला असेल. मग मधे बराच वेळ काहीच आलं नाही. वहिनींनी माझा दंड धरला, नखं रुतली. आणि मग आलं.

हूँ.

मी वाट पाहिली. पुढचे तीन येतील म्हणून.

हूँ.

लांब, ठाम. बटणावर अंगठा दाबून धरल्यासारखा. पुन्हा शांतता आणि पुन्हा तसाच.

हूँ.

एक. थांब.

मला लगेच कळलं. त्यात काहीच संशय नव्हता. खाली दुर्गेची माणसं भिंतीवर घण घालत होती, त्याचे दणके मिस्त्रीला आत ऐकू गेले होते. आतला वास त्याला येत होता, आमच्यापैकी कोणाला येत नव्हता. तो सांगत होता, फोडू नका. मरतो तर मी एकटा मरतो. बारा वर्षं मी एका ठोक्याला हात थांबवत आलो होतो. तो एक ठोका जगातल्या सगळ्यात मोठ्या साहेबाचा हुकूम, असं मला शिकवलेलं होतं. खाली पाच माणसं भिंतीपाशी होती. दुर्गेला चार पोरं. बाकीच्यांची नावं मला माहीत होती, त्यांच्या घरी मी जेवलो होतो.

आणि दोनशे चौदा नंबरचा बिल्ला मी टांगला होता.

पहिला माणूस ओरडला, “किती? लटारी, किती?”

मी चार बोटं वर केली.

वहिनींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वाटी त्यांच्या कानाला होती. त्यांना घंटीची भाषा येत नव्हती, पण एक आणि चार यांतला फरक कळायला काय शिकावं लागतं? त्यांचे डोळे माझ्यापासून चार इंचांवर होते. असे डोळे मी त्याआधी पाहिले नव्हते आणि नंतरही नाही. मग त्यांनी मान फिरवली आणि गळ्याच्या शिरा ताणून, त्या तेरा माणसांच्याही पलीकडे जाईल अशा आवाजात ओरडल्या:

“चार! चार हाय!”

“चार!” पहिला ओरडला. “चार!”

खाली तो एक देत राहिला. मी चार दाखवत राहिलो. पाच वेळा, सहा वेळा. मग ती घंटीही यायची थांबली. कानात नुसती खरखर उरली, तरी मी बोटं वर करतच होतो. आता भडका होणार, आता जमीन हलणार, म्हणून मी डावा हात जमिनीवर टेकवून ठेवला होता. जमीन तापलेली होती. हलली नाही.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग उलट्या दिशेनं, इन्क्लाइनकडून आमच्याकडे, एकेका माणसाच्या तोंडून आवाज मोठा होत आला. आधी कळेना. मग कळलं.

“निघाला! जिता हाय! सगळे जिते हायेत!”

पार्वतावहिनी पाचोळ्यात आडव्या झाल्या. मी तेव्हा कुठं हात खाली केला.

भडका का झाला नाही, ते कोणी नक्की सांगू शकलं नाही. मॅनेजरसाहेब म्हणाले, हवेची दिशा. दुर्गे म्हणाला, देवी. पंधरा मिनिटं उशीर झाला असता, तरी वेगळं झालं असतं, असं तो म्हणाला. मिस्त्रीला बाहेर काढून त्यांनी भिंत पुन्हा घातली आणि संध्याकाळी त्या भिंतीआड जो दणका झाला, त्यानं हॉलेजघराच्या खिडक्यांची तावदानं फुटली.

तिसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. मिस्त्री उशीला टेकून बसला होता. चेहरा सुजलेला, आवाज बसलेला. वहिनी पायाशी.

मी आधी बिल्ल्याचं सांगितलं. रडलो. तो हसला, खोकला आणि म्हणाला, “अबे येड्या, खिळा तं मीच ठोकला होता तुह्या भिंतीत. त्यात तुहं काय?”

मला इतकं हलकं वाटलं की दुसरंही सांगून टाकावं, असं ओठांवर आलं. तेवढ्यात त्यानं विचारलं, “आवाज साफ येत होता?”

“एकदम साफ.”

“शेवटी किती ऐकले?”

वहिनी चादरीची घडी घालत होत्या. त्यांचे हात थांबले.

“चार,” मी म्हणालो.

“शेवटी, लटारी. घणाचा आवाज सुरू झाल्यावर.”

“चारच.”

त्यानं तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

“मी एक दिला होता,” तो हळू म्हणाला. “बटण दाबून धरून दिला होता. सात-आठ डाव.” मग स्वतःशीच, “म्हंजे सूर फुटते. गरमीनं चक्री सैल झाली असन. नाई तं दगडातून घुमून येते. एकाचे चार होते.” त्यानं दोन्ही हात चेहऱ्यावर घेतले. “पाच माणसं मेली असती रे माह्या यंत्रानं.”

दोन महिन्यांनी नागपूरहून एक साहेब मिस्त्रीच्या क्वार्टरमध्ये आले. पोलीस नव्हते. खाणींच्या संशोधनाचं काम करणारे होते, पांढरा सदरा, मांडीवर वही. आमच्या मॅनेजरसाहेबांनी प्रकरण दडपलं नव्हतं, त्यांना कळवलं होतं. साहेब मराठीच बोलले.

“परवान्याची काळजी करू नका,” ते म्हणाले. “ते आमच्याकडे. तुम्ही म्हणाल ते सामान देऊ. असं यंत्र प्रत्येक खाणीत बसलं तर किती जीव वाचतील, कळतंय का तुम्हाला? मला एवढंच सांगा, त्याच्यावर भरवसा ठेवता येईल?”

दोन वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली, तो प्रश्न मिस्त्रीच्या दारात चालत आला होता. त्यानं क्षणभरही वेळ घेतला नाही.

“नाई साहेब.”

“पण तुम्ही तर त्याच्यामुळेच...”

“नशिबानं वाचलो. यंत्र चुकते. मी एक पाठवला, वर चार आले. ज्यानं थांब म्हटलेलं ये असं ऐकू येते, ते माणसाच्या जिवावर कसं बसवता?”

साहेब माझ्याकडे वळले. “ऐकत तुम्ही होतात?”

“हो जी.”

“शेवटी किती ऐकू आले? नीट आठवून सांगा. याच्यावर पुष्कळ अवलंबून आहे.”

वहिनी चहा घेऊन आतल्या दारात उभ्या होत्या. मी एवढंच म्हणायला हवं होतं की एक. मग यंत्र खरं ठरलं असतं, आणि मी पाच माणसांना फसवून आगीत लोटणारा खलाशी. दुर्गे, त्याच्याबरोबरचे चौघे, त्यांच्या बायका, सगळ्यांना कळलं असतं. वहिनींनाही विचारलं असतं. आणि मिस्त्रीला कळलं असतं की त्याचा जीव कशावर तोलून घेतला होता.

“चार,” मी म्हणालो.

“नक्की? तुमच्या मोजण्यात चूक?”

“साहेब,” मिस्त्रीच मधे बोलला, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, “हा बारा वर्षांपासून खलाशी हाय. घंटी मोजण्यात याची चूक नाई होत. चूक यंत्राची हाय.”

साहेबांनी वहीत लिहिलं. अक्षरं मला कळत नव्हती, पण आकडे हॉलेजवर शिकलो होतो. त्यांनी चारचा आकडा काढला, त्याच्याखाली एक रेघ ओढली आणि वही मिटली.

वहिनींनी चहा ठेवला. पहिली बशी नवऱ्यापुढे. तो चहा बशीत ओतून फुंकत बसला. खाणीतला गॅस लागल्यापासून त्याच्या श्वासाला एक घरघर आली होती. खोलीत तेवढीच घरघर ऐकू येत होती, आत, बाहेर, आत, बाहेर. वहिनी ती ऐकत भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर मिस्त्री छत्तीस वर्षं जगला. पुन्हा त्यानं चक्री गुंडाळली नाही.